रिकामी बरणी

माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला घरात सगळे ताई म्हणत. आजोबा म्हणत म्हणून वडील म्हणत, आणि वडील म्हणत म्हणून आम्हीही. ज्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं, तिथे तिचं नाव तोफ. ते मात्र तिच्या पाठीमागे, आणि तेही स्वयंपाकघराचं दार नीट लागलंय ना हे बघून. आवाजामुळे हे नाव पडलं असं एक मत होतं. दुसरं मत असं की, तोफ बराच वेळ नुसतीच रोखलेली असते आणि माणसाला खरा घाम त्या वेळात फुटतो.

ताईचा कोणावरही विश्वास नव्हता. हा तिचा दुर्गुण नव्हता, कामाची पद्धत होती. दुधाचा थेंब ती नखावर धरून बघे, अंडी पाण्यात सोडून, मांस वास घेऊन, आणि माणसं उंबऱ्यावर ताटकळत ठेवून. पाववाला एकदा म्हणाला, "बाई, माझ्या सासूनेसुद्धा मला इतकं पारखून घेतलं नव्हतं."

"म्हणून तर तिच्या लेकीची ही दशा," ताई म्हणाली आणि एक पाव मधोमध मोडून बघितला.

ते स्वयंपाकघर जमिनीच्या जरा खाली होतं. पायऱ्या उतरून जावं लागे. एका भिंतीला लांबलचक लोखंडी चूल, समोर दगडी मोरी, आणि मोरीच्या वर छताला टेकलेली आडवी खिडकी. त्या खिडकीतून अंगणातून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. ताई पायांवरून माणूस ओळखी, आणि बहुतेकांबद्दल तिचं वाईट मत तिथेच तयार होई. चुलीच्या मागच्या बाजूला एक खोली होती. ती नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबर जाई. त्या खोलीत ताई आणि तिची आई राहत. वडील वारलेले, धाकटा भाऊ, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या गावी छापखान्यात उमेदवारी करत होते. त्यांनाच अजून कोणी पोसत होतं, ते आईला काय पोसणार? थोडक्यात, चूल गेली की छप्पर गेलं. ताईच्या आधी त्या चुलीवर नेहमी पुरुष असत. शेवटचा दारू पिऊन मोरीत झोपलेला सापडला, तेव्हा इस्पितळाच्या समितीने ताईला "तात्पुरती" म्हणून उभी केली आणि मग विसरून गेली. समितीला आपली आठवण होऊ नये, एवढीच ताईची इच्छा होती.

अशा ठिकाणी तो डॉक्टर आला.

तो काळ गॅसच्या दिव्यांचा आणि घोडागाड्यांचा. रोगजंतू सापडले होते, पण अजून सगळ्यांना पटले नव्हते. या डॉक्टराला पटले होते, आणि एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्याला पटेपर्यंत तो जागचा हलत नसे. नर्सा त्याला खुंटा म्हणत. उंच, वाळका, कोटाच्या कोपरांना ठिगळं, आणि कुठल्याही बोलण्याची सुरुवात "नाही"ने. कोणी म्हणावं, "डॉक्टर, आज ऊन छान पडलंय." तो म्हणे, "नाही. छान नाही, नुसतं पडलंय." लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, असं कोणी विचारत नसे. दोन वाक्यं बोलल्यावर प्रश्नच उरत नसे.

तो आल्यावर काही महिन्यांतच इस्पितळात एक विचित्र प्रकार सुरू झाला. पाय मोडून आलेल्या माणसाचा पाय जुळत आला की त्याला ताप भरायचा. गळू कापून घ्यायला आलेली बाई गळवातून सुटायची आणि तापात सापडायची. विषमज्वर. कोणी तो बाहेरून घेऊन आलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण हे लोक तो इथे येऊन मिळवत होते. पावसाळी गळतीसारखं झालं होतं: पाणी टपकतंय खरं, पण भोक कुठे आहे ते दिसेना. विहिरीचं पाणी तपासलं, संडास धुऊन काढले, गाद्या जाळल्या. ताप आपला येतच राहिला. मग एक सुतार दगावला. शिडीवरून पडून घोटा मोडून आलेला धडधाकट माणूस. त्याची बायको रोज त्याला भेटायला यायची. शेवटच्या दिवशी ती व्हरांड्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घोट्याने कोणी मरतं का? इथे काहीतरी पोटात घालतात."

पोटात घालायचं म्हणजे कोणी, हे सांगायची गरज नव्हती.

डॉक्टराच्या वाचनात तेव्हा नुकतंच आलं होतं की, विषमज्वराचे जंतू धडधाकट माणसाच्या पोटातही राहू शकतात. माणूस गुटगुटीत, खातोपितो, हिंडतो, आणि जिथे जाईल तिथे ताप वाटत सुटतो. त्याला स्वतःला पत्ता नसतो. हे वाचल्यापासून डॉक्टर धडधाकट माणसांकडे वाईट नजरेने बघू लागला. आणि त्या इमारतीत ताईइतकं धडधाकट कोणी नव्हतं.

इस्पितळात लागल्यापासून तो रोज सकाळी दूध बघायला स्वयंपाकघरात यायचाच. आता तो तिथे उभाच राहू लागला. बोलायचा नाही. ताई कशाला हात लावते, कुठे पुसते, काय चाखते, सगळं बघायचा. आजाऱ्यांचं दूध उकळून, निववून मोठ्या झाकणाच्या डब्यात ओतलं की तो पहिल्यापासूनच्या सवयीने पुढे व्हायचा आणि डाव्या हाताची करंगळी दुधात बुडवायचा. दूध कोमटच असलं पाहिजे, गरम दुधाने अशक्त माणसाला अपाय होतो, असं त्याचं मत होतं. आणि दूध कोमट झालं की नाही याबाबत स्वयंपाकिणीच्या शब्दावर विसंबून राहावं, असं त्याचं मत नव्हतं. करंगळी बाहेर काढून तो ती खिशातल्या रुमालाला पुसायचा आणि म्हणायचा, "ठीक."

"माझ्या दुधात बोट घालू नका," तो नवा आला त्या पहिल्याच दिवशी ताई म्हणाली होती.

"नाही. दूध इस्पितळाचं आहे."

"आणि बोट?"

"बोट डॉक्टरचं आहे."

"मग डॉक्टरने ते आपल्या नाकात घालावं. मी कोमट म्हटलं की कोमट."

डॉक्टराने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करंगळी. ताईला जंतूंचं काडीचंही ज्ञान नव्हतं. तिचा राग शुद्ध मानापमानाचा होता.

आता, एक अविवाहित डॉक्टर रोज सकाळी एका अविवाहित स्वयंपाकिणीकडे जाऊन न बोलता उभा राहतो, याचा अर्थ इस्पितळ काय लावणार? नर्सांनी लावला. धोबिणीने लावला. मेट्रनबाईंनी तर बोलावून विचारलं.

"तोफ... म्हणजे, हे बघ बाई, डॉक्टर तुझ्याकडे रोज कशाला येतात?"

"पाळत ठेवायला."

"कशावर?"

"ते कळलं असतं तर मीही ठेवली असती."

मेट्रनबाईंनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. संशय असा दोन मजल्यांवर राहत होता: खाली डॉक्टर ताईवर, ताई डॉक्टरवर, वर सगळे दोघांवर. फक्त ताईची आई खूश होती. खोलीतल्या खाटेवरून ती दाराच्या फटीतून बघे आणि संध्याकाळी म्हणे, "अगं, माणूस बरा वाटतो. कमी बोलतो."

"आई, तो माझ्याकडे असा बघतो जसं मी कुजलेल्या माशाकडे बघते."

"सुरुवातीला तुझे बाबाही असेच बघायचे."

एका दुपारी जेवणं आटोपल्यावर डॉक्टर आला. हातात कागदात गुंडाळलेली, वरून दोरी बांधलेली एक वस्तू. पायऱ्यांवर दोन नर्सा त्याच्या मागोमाग काही कारण नसताना उतरल्या आणि काही कारण नसताना थांबल्या. त्याने ती वस्तू ताईच्या पुढ्यात ओट्यावर ठेवली. कान लाल झाले होते त्याचे. ताईने तसे ते आधी कधी पाहिले नव्हते, आणि ती पुढे कबूल करी की, अर्धा क्षण तिच्याही मनात भलतंच आलं.

तिने दोरी सोडली. आत काचेची बुटकी बरणी. रिकामी.

"हे काय?"

"बरणी."

"ते दिसतंय. यात काय आहे?"

"काही नाही. अजून." डॉक्टर खाकरला. "नमुना हवा आहे. सकाळचा. पोट साफ होताना..."

पुढचं वाक्य त्याने शास्त्रीय भाषेत पूर्ण केलं. ताईने ते सामान्य भाषेत समजून घेतलं. नंतर काय झालं याबद्दल साक्षीदारांत एकवाक्यता नाही. एक नर्स म्हणे, ताईने झारा उचलला. दुसरी म्हणे, तवा. इतकं नक्की की डॉक्टर पायऱ्या उलटा चढला आणि बरणी त्याच्यामागून अंगणात आली. फुटली नाही. त्या काळी काच चांगली मिळे.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, तीच बरणी घेऊन. खुंटाच तो.

"हे बघा," तो दूर उभा राहून म्हणाला, "तुम्ही नमुना दिला नाहीत तर मला समितीला सांगावं लागेल की, स्वयंपाकघर बंद करा. मग ती तुम्हाला काढेल. मला ते नको आहे. मला फक्त खात्री हवी आहे."

"म्हणजे मी लोकांना मारतेय, याची खात्री."

"किंवा मारत नाही, याची."

"तुमच्या तोंडून ते नंतर का आलं?"

ताई मागे खोलीत गेली. आई म्हणाली, "दे बाई एकदाची. जाणार तर आहेच, कुठे का जाईना." ताई खाटेच्या कडेवर बसली. तिला सुताराची बायको आठवली, व्हरांड्यात ओरडणारी. आणि तिला पहिल्यांदा एक शंका आली जी तिने आजवर दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांबद्दल घेतली होती, पण स्वतःबद्दल कधी घेतली नव्हती: असेल तर? तिने आपल्या हातांकडे बघितलं. ते नेहमीसारखेच दिसत होते, आणि हाच तर घोळ होता.

ती बाहेर आली. "देते. पण एकटी नाही देणार. भांडी घासणारी देईल, वाढणाऱ्या देतील, मेट्रनबाई देतील. आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही."

"मी?"

"का? तुम्हाला पोट नाही?"

"मला शिकत असतानाच विषमज्वर होऊन गेला. मला तो पुन्हा व्हायचा नाही."

"मी होण्याचं विचारत नाहीये. बरणी भरण्याचं विचारतेय."

हे तिने कुठल्या ज्ञानाच्या जोरावर म्हटलं नाही, हे नमूद केलं पाहिजे. नंतर लोक तिला फार हुशार ठरवू लागले. ती हुशार होतीच, पण या बाबतीत तिला फक्त अपमानाची सारखी वाटणी हवी होती. आणि डॉक्टराने ते मान्य केलं तेही शंका आली म्हणून नाही. नियम सगळ्यांना सारखा असावा हे त्याचं तत्त्व होतं, आणि आपलंच तत्त्व आपल्यावर उलटलं म्हणून सोडून देणाऱ्यांतला तो नव्हता. मेट्रनबाईंनी मात्र राजीनाम्याची भाषा केली. शेवटी त्यांनीही दिला. नमुना, राजीनामा नव्हे.

बरण्या पेटीत भरून रेल्वेने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. निकाल येईपर्यंत वाट बघायची.

ही वाट बघणं ताईला फार जड गेलं. स्वयंपाकघर चालू होतं, पण जेवण परत येऊ लागलं. बातमी फुटली होती, आणि फुटलेली बातमी निम्मीच बाहेर पडते: स्वयंपाकिणीला तपासायला पाठवलंय. बाकी कोणाकोणाला, ते आतच राहिलं. आजाऱ्यांचे नातेवाईक घरून डबे आणू लागले. सूपचं पातेलं जसं वर जाई तसं खाली येई. पाववाला पाव पायरीवरच ठेवून जाऊ लागला. ताई खिडकीतून बघे तर अंगणातले पाय तिच्या खिडकीपाशी आले की वळसा घेऊन जात. पारखून घेणं म्हणजे काय, ते आता तिला पलीकडच्या बाजूने कळत होतं.

संशय घेण्यात आपणही मागे हटायचं नाही, असं तिने ठरवलं. तिला वाटलं, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मेट्रनबाईंनी बदलल्या असतील. मग वाटलं, धोबिणीने. मग वाटलं, प्रयोगशाळेतच कोणी झोपाळू माणूस असेल. आणि सगळ्यांत जास्त संशय डॉक्टरावर, कारण तो येईनासा झाला होता. आधी रोज यायचा, आता अंगणातून त्याचे पायसुद्धा जात नव्हते. दूध कोमट झालं की थंड, कोणी विचारत नव्हतं.

"निकाल आलाय," ती आईला म्हणाली. "त्याला कळलंय. तोंड दाखवायची लाज वाटत असेल."

"अगं, कामात असेल."

"माझ्यावर पाळत ठेवणं हेच त्याचं काम होतं. ते सोडलं म्हणजे संपलं." आणि तिने स्वतःची म्हणून आणलेली दोन पातेली, सुरी आणि आईची शाल एका चादरीत बांधायला घेतली. समितीने काढायच्या आत निघायचं. कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. आई खाटेवर बसून गाठोड्याकडे बघत राहिली आणि तिने पहिल्यांदाच डॉक्टराच्या बाजूने काही म्हटलं नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवर पाय वाजले. डॉक्टर खाली आला आणि दाराबाहेरच थांबला. हात कोटाच्या खिशात खुपसलेले.

"आत या की," ताई म्हणाली. "आता कसली भीती?"

"नाही."

"नाही, नाही! माझा विटाळ होईल का तुम्हाला?"

"तुमचा नाही." तो उंबऱ्याकडे बघत होता. "तुमचा नमुना स्वच्छ आहे. सगळ्यांचेच आहेत. एक सोडून."

"मेट्रनबाई," ताई लगेच म्हणाली.

"मी."

ताईच्या हातात गाठोड्याचं टोक तसंच राहिलं. डॉक्टर सांगत होता, सरळ, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. शिकत असतानाचा तो ताप गेला, जंतू राहिले. हात धुतो, पण घाईत. रोज उकळून निवलेल्या दुधात करंगळी. उकळण्याच्या आधी घातली असती तर काही झालं नसतं. काळजी घ्यायला म्हणून घातली ती नंतर. सुतार रोज दूध प्यायचा. डॉक्टरनेच त्याला जास्त द्यायला सांगितलं होतं, हाड लवकर जुळावं म्हणून.

ताईला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, याचाच तिला राग आला.

"हे कोणाला सांगितलंत?"

"अजून कोणाला नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"का?"

"कारण तुमच्यावर मी सगळ्यांत जास्त संशय घेतला."

"आणि समितीपुढे काय सांगणार आहात?"

"हेच."

"बघू," ताई म्हणाली. गाठोडं तिने सोडलं नाही.

समिती दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत बसली. ताईने चहाचा ट्रे न्यायचा असं स्वतःच ठरवलं. ट्रे आत गेला, कोणी पेल्याला हात लावला नाही, आणि ताई बाहेर येऊन दार पूर्ण न लावता तिथेच उभी राहिली. लोकांच्या दाराशी कान लावणं वाईट, हे तिला मान्य होतं. पण एकीकडे शिष्टाचार आणि एकीकडे छप्पर, यात ती फार वेळ दोलायमान राहिली नाही.

डॉक्टराने सांगितलं. मग अध्यक्षांचा, लोण्यासारखा आवाज आला.

"डॉक्टर, तुमचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. पण जरा पुढचा विचार करू. इस्पितळात डॉक्टरमुळे लोक मेले, हे बाहेर गेलं तर उद्या इथे कोण येईल? स्वयंपाकिणीचं म्हणाल तर गावाला आधीच ठाऊक आहे... म्हणजे, गावाची तशी समजूत आहे. तिला आपण काढू. तुम्ही यापुढे दुधाला हात लावू नका. ताप थांबेल. विषय मिटला."

ताई बाहेर उभी. तिला यात नवल वाटलं नाही. तिला आयुष्यात ज्या गोष्टींची खात्री होती त्यांत ही बरीच वर होती. ती आता फक्त एकाच शब्दाची वाट बघत होती, आणि तो येणार नाही असं ती स्वतःला बजावत होती.

"नाही," आतून आवाज आला.

"अहो, जरा समजून घ्या..."

"नाही. समजलं आहे, म्हणूनच नाही."

"तुमची नोकरी जाईल, डॉक्टर. कुठेच मिळणार नाही पुन्हा."

"मिळूही नये. तिचं स्वयंपाकघर तिच्याकडे राहील, आणि 'तात्पुरती' हा शब्द आज काढून टाका. नाहीतर मी इथून खाली जातो आणि प्रत्येक खाटेपाशी उभा राहून सांगतो. तसा मी जाणारच आहे. प्रश्न इतकाच की, तुम्ही माझ्या आधी सांगता की नंतर."

या माणसाच्या हट्टाने आजवर सगळ्यांना वैताग आणला होता. तो एकदा कामाला आला, ही त्या खोलीतल्या कोणाला सोसवणारी गोष्ट नव्हती. बराच वेळ खुर्च्या करकरल्या. शेवटी अध्यक्षांनी चिटणीसाला काहीतरी लिहायला सांगितलं, आणि डॉक्टर बाहेर आला तो ताईच्या अंगावरच.

"ऐकलंत?"

"ऐकलं. आता कुठे?"

"सुताराच्या घरी."

"मीही येते."

"कशाला?"

"रस्त्यात तुम्हाला दुसरं काही सुचलं तर?"

दोघं चालत गेली. लोहाराच्या दुकानावरून, चामड्याच्या गोदामावरून, मग खाली अरुंद गल्लीत. सुताराचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे खोली. दुकानात अर्धवट रंधलेली फळी अजून तशीच शिकंज्यात अडकवलेली होती. सुताराची बायको दारात आली. ताईला बघून तिचा चेहरा असा झाला की, ताई आयुष्यात पहिल्यांदा एक पाऊल मागे सरली.

"ही कशाला आलीय इथे?"

डॉक्टर बोलला. खिशातले हात बाहेर काढले, आणि समितीला सांगितलं तसंच सगळं सांगितलं: कोणाचं पोट, कोणाचं बोट, कोणतं दूध. एकही शब्द शास्त्रीय नाही. बाई ऐकत राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. मग ती ताईकडे वळली.

"मग तू कशाला आलीस?"

"हा खरं सांगतो की नाही, ते बघायला," ताई म्हणाली.

सुताराच्या बायकोने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, जणू हे एकच उत्तर तिला समजलं. मग डॉक्टराला म्हणाली, "पुन्हा या दारात येऊ नका." आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. आतून कडी सरकवल्याचं ऐकू आलं.

परतताना गोदामापाशी एक गाडी आडवी उभी होती, तिथे थांबावं लागलं.

"आता तुमचं काय?" ताईने विचारलं.

"आरोग्य खात्याच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करायला माणूस हवा आहे. तिथे कोणी काही खात नाही."

"आणि जेवण?"

"करीन काहीतरी. दुसऱ्या कोणाला माझ्या हातचं खायचं नाहीये, आणि माझ्याबरोबर बसून कोण जेवेल, तेही दिसत नाही." गाडीवान घोड्याला शिव्या देत होता. डॉक्टराचे कान पुन्हा लाल झाले. "तुम्हाला एक विचारायचं होतं. पण तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"नाहीच आहे."

"आजचं बघूनसुद्धा?"

"आजचं आज झालं. एका दिवसात विश्वास बसायला मी काय समिती आहे?"

"मग किती दिवस लागतील?"

ताईने त्याच्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, बराच वेळ, पाव मोडून बघावा तसं. "ते आत्ता कसं सांगू? बघावं लागेल. रोज बघावं लागेल." मग जरा थांबून, "जेवायच्या आधी साबणाने, कोपरापर्यंत. माझ्यासमोर. मी म्हणेन तोवर. आणि वाद घालायचा नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाला. वाद घालणार नाही असं त्याला म्हणायचं होतं, की पहिला शब्द सवयीने आला, यावर दोघांचं पुढे आयुष्यभर एकमत झालं नाही. गाडी बाजूला झाली आणि दोघं रस्ता ओलांडून गेली.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्या मते महत्त्वाचा होता तो एकच प्रश्न विचारला.

"अगं, पण खोली आपलीच राहिली ना?"

"राहिली."

"मग ठीक," आई म्हणाली आणि चादरीची गाठ सोडून आपली शाल काढून घेतली.